मोरझरीच्या आकड्याचा धनी

आपलं नाव कुठे ना कुठे लागलेलं पाहण्याची खांडके साहेबांना भारी हौस. डोंगरमार्ग प्राधिकरणाच्या निवसरे कार्यालयात पाण्याचा कूलर बसला, तर त्याच्या डोक्यावरही संगमरवराची पाटी: 'मा. दिगंबर खांडके, प्रमुख संचालक, यांच्या शुभहस्ते.' सायकलींची शेड, महिला कर्मचाऱ्यांचा आरामकक्ष, दारातल्या जांभळाचा पार, सगळीकडे तेच. कर्मचारी हसत, पण साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर. निलांबरी केळसकर मात्र कधी हसली नाही. ती त्या पाट्या लक्ष देऊन वाचायची. हा माणूस कुठल्या दाराने आत येईल, ते तिला त्या पाट्यांनीच सांगितलं होतं.

निलांबरीची आई, सुलभा केळसकर, आरोग्य खात्यात परिचारिका होती. मोरझरी घाट चढून वरच्या धनगरवाड्यांवर लस घेऊन जायची. निघण्याआधी फोनवर घाटाचा फलक पाहायची. हिरवा असला की घाट सुरक्षित, तांबडा असला की बंद. डोंगरात पुरलेली यंत्रं मातीचा अंदाज घेत आणि त्यावरून फलकाचा रंग ठरे. शेवटच्या दिवशी सकाळी तिने लेकीला आवाजी निरोप पाठवला होता. "घाट हिरवा आहे. निघते. तांदूळ नुसते धुऊन ठेव, भात मी आल्यावर लावते. तुझा गिचका होतो."

त्यानंतर मोरझरीचा कडा रस्त्यावर आला. जीप सापडली, जीप चालवणारा इस्माईल काझी सापडला, आई सापडली. लशींची निळी पेटीही सापडली. तिच्यातला बर्फ अजून वितळला नव्हता.

आयोगाकडून चौकशी झाली. अहवालातलं एक वाक्य निलांबरीला पाठ होतं. 'सदर आकडा अनेक विभागांच्या प्रणालींमधून गेलेला असल्याने कोणत्याही एका व्यक्तीस जबाबदार धरता येत नाही; तशी व्यक्ती निष्पन्न झाल्यास चौकशी पुन्हा उघडता येईल.' तेव्हा मध्यवर्ती आकडे विभागाचे प्रमुख दिगंबर खांडके होते. आयोगापुढे ते म्हणाले होते, "मी केवळ समन्वय पाहत होतो." अहवालात मेलेल्यांची नावं नव्हती. 'एक आरोग्य कर्मचारी व एक वाहनचालक', एवढंच होतं.

निलांबरी तेव्हा संगणकशास्त्र शिकत होती. रडायला तिला फारसं जमलं नाही. तिने ते वाक्य उलटं करायला घेतलं.

त्या काळी सगळ्या डोंगरांचे आकडे राजधानीतल्या एका मोठ्या साठ्यात ओतले जात. पाऊस मोजणारे ओतत, मातीतलं पाणी मोजणारे ओतत, रस्त्यावरच्या गाड्या मोजणारे ओतत. साठ्यावर बसलेला विभाग ते गाळून, घोटून, रंग ठरवून घाटाकडे परत पाठवी. काही बदल हवा असला तर अर्ज करायचा आणि वाट पाहायची. साठ्याजवळच्या माणसांना डोंगर ठाऊक नव्हता आणि डोंगराजवळच्या माणसांच्या हातात काही नव्हतं. आकडा मात्र वाहत होता, कुणाचाच नसल्यासारखा.

पुढे प्राधिकरणात लागल्यावर निलांबरीच्या तुकडीने जो संगणकीय मंच उभारला, त्याचं नाव 'स्वाधीन'. त्याने साठा मोडला. प्रत्येक डोंगराच्या संघाने आपला आकडा आपण काढायचा, आपण तपासायचा, आपण इतरांना द्यायचा. मंचाने फक्त तयार अवजारं पुरवायची. आकडा कसा घ्यायचा, धोका कुठून धरायचा, हे संघ ठरवणार, कुणाची परवानगी न मागता. बदल्यात अट एकच. आकड्यांच्या प्रत्येक प्रवाहावर एका जिवंत माणसाचं नाव आणि फोन नंबर. समितीचं नाही, विभागाचं नाही. आकड्याबद्दल कुणाला काही विचारायचं असलं तर फोन थेट त्या माणसाला. आणि ज्या प्रवाहावर नाव नाही त्याचा रंग फलकावर येणारच नाही. तिथे राखाडी दिसेल, आणि राखाडी घाटात गाडी घालायची नाही.

त्या माणसाला काय म्हणायचं यावर बराच खल झाला. शेवटी मोरझरीच्या माती संघाची प्रमुख शमीम परकार म्हणाली, "'मालक' नको गं. खानावळीत बसल्यासारखं वाटतं. 'धनी' म्हण." तेच ठरलं.

शमीमच्या संघाने तर कमाल केली. डोंगर आतून हलला की खालच्या वाडीतल्या विहिरी गढूळ होतात, हे तिथल्या बायांना ठाऊक होतं. जुन्या व्यवस्थेत हे सांगायला खिडकी नव्हती. स्वाधीन आल्यावर शमीमने आठवड्याभरात विहिरींत पाण्याचा गढूळपणा मोजणाऱ्या डब्या सोडल्या आणि तो प्रवाह फलकाला जोडला. त्या पावसाळ्यात फलक एकदाही खोटा बोलला नाही. निलांबरी आणि शमीम पारावर बसून डबा खात. "तुझ्यामुळे माझी पोरं ताठ चालायला लागली," शमीम म्हणायची. निलांबरीला ते ऐकायला आवडायचं. पण ते तिच्या मनाच्या वरच्या थरात राही. खालच्या थरात दुसरं काम चाललेलं असे.

त्या कामाचं नाव होतं 'मागोवा'. मंचातलंच एक अवजार, निलांबरीने स्वतः घडवलेलं. भिंतीपलीकडून कुणी बोललं तर आवाज दबून येतो. आवाज नेमका कसा दबला यावरून भिंत किती जाड आहे हे सांगता येतं. आकड्यांचंही तसंच असतं. मातीच्या कणांमधलं पाणी वाढलं की ते कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं आणि उताराची पकड सुटते. हे पाणी चढतं ते उसळ्या घेत. त्या आकड्याची कुणी सरासरी काढली तर उसळ्या बोथट होतात, आणि बोथटपणाची तऱ्हा मागे राहते. मूळ आज्ञा पुसली गेली तरी शेजारच्या डोंगराचे आणि पावसाचे आकडे ताडून मागोवा ती तऱ्हा ओळखे.

मोरझरीच्या जुन्या आकड्यांवर तिने तो चालवला तेव्हा उत्तर स्वच्छ होतं. दरडीच्या आदल्या वर्षापासून मातीतल्या पाण्याचा आकडा सहा तासांची सरासरी होऊन फलकावर जात होता. त्या सकाळी खरा आकडा केव्हाच तांबडा झाला होता. सरासरी अजून हिरव्यात रेंगाळत होती.

भिंत होती, केव्हा बांधली ते कळलं, किती जाड ते कळलं. कुणी बांधली हे मागोवा सांगू शकत नव्हता. तोंडी हुकमाला ठसा नसतो. तो हुकूम आपला होता असं त्या माणसाने स्वतः म्हणायला हवं होतं.

मग पुरस्कार जाहीर झाला. देशातल्या आपत्ती-सूचना प्रवाहांमध्ये सर्वांत जुन्या, अखंड आणि एकाच धन्याच्या प्रवाहाला राष्ट्रीय सन्मान. खांडके साहेबांनी निलांबरीला केबिनमध्ये बोलावलं.

"केळसकर, आपल्याकडे सगळ्यात जुना प्रवाह कुठला?"

"मोरझरीचा, साहेब."

"कोण धनी त्याचा?"

"शमीम परकार. पण मंच सुरू झाल्यापासून. त्याआधीचा इतिहास बेवारस आहे."

"बेवारस?" साहेब खुर्चीत पुढे सरकले. "अहो, मी बसवलाय तो! त्या डोंगरात पहिली तार माझ्या कारकिर्दीत गेली. परकारबाईंना सांगा, मोठं मन करा. माझं नाव लावा, पहिल्या दिवसापासून."

निलांबरीने एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "साहेब, इतिहासासह घेतलं की सगळा इतिहास येतो. चांगला ठेवला, वाईट वगळला, असं करता येत नाही. त्या काळातला प्रत्येक बदल तुमच्या हुकमाने झाला, असं तुम्ही सही करून म्हणताय, असा त्याचा अर्थ होतो."

"झालाच होता की! माझ्याशिवाय तिथे पान हलत नव्हतं."

"लावलेलं नाव सहज निघत नाही."

"पाटी लागली की कोण काढतं हो?" साहेब मनापासून हसले.

"तरी विधी विभागाला एकदा विचारून घ्या. मोरझरी आहे, साहेब."

तिने मुद्दाम नावावर जोर दिला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही हलतंय का, एखादी सावली तरी. साहेब चष्मा शोधत होते.

"तुम्ही मुली फार घाबरता," ते म्हणाले. "कुठे अंगठा लावायचा?"

तिने पडदा त्यांच्यासमोर धरला. 'इतिहासासह?' असा प्रश्न आला. त्यांनी 'हो' दाबलं. कूलरच्या पाटीवरचं फडकं ओढताना जेवढा विचार केला असेल, तेवढाच विचार करून.

शमीमला कळलं तेव्हा ती डबा न उघडताच उठून गेली. निलांबरीने तिला थांबवलं नाही. थांबवलं असतं तर सांगावं लागलं असतं.

सन्मानाची यादी जाहीर झाली. साहेबांनी मुलाखती दिल्या. 'मोरझरीचा प्रत्येक निर्णय माझा होता' हे वाक्य तर त्यांनी तीनतीनदा ऐकवलं. मग निलांबरीने मागोव्याचं उत्तर, साहेबांची सही आणि त्या मुलाखती आयोगाकडे पाठवल्या. सोबत दोनच ओळी लिहिल्या. 'व्यक्ती निष्पन्न झाली आहे. तिने स्वतःच तसं जाहीर केलं आहे.'

चौकशीची नोटीस आली त्या दुपारी केबिनचं दार उघडंच होतं. साहेबांनी तिला बसायला सांगितलं नाही.

"सापळा लावलात तुम्ही मला!"

"मी सगळं सांगितलं होतं, साहेब. तुम्ही हसलात."

"पण का? मी काय वाईट केलं तुमचं? बढती दिली, तुकडी दिली..." बोलता बोलता ते नोटिशीतल्या नावावर थांबले. आयोगाने या वेळी नावं लिहिली होती. "केळसकर. ती नर्स..."

"परिचारिका. सुलभा केळसकर. माझी आई. आणि इस्माईल काझी."

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "तुम्हाला तेव्हाचं माहीत नाही," ते म्हणाले. "दिवसातून पाच-पाच वेळा घाट बंद व्हायचा. ट्रकवाले बोंबलायचे, पर्यटक बोंबलायचे, वरून फोन यायचे. मी म्हटलं, सहा तासांची सरासरी घ्या, फलक जरा शांत राहील. कुणी मरावं म्हणून नाही म्हटलं हो."

"हेच आयोगापुढे सांगा."

"मी नाव मागे घेतो."

"घेता येतं. पण खरा धनी कोण ते लिहावं लागतं. लिहा कुणाचं लिहायचं ते."

लिहायला त्यांच्याकडे दुसरं नाव नव्हतं. निलांबरीला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, आणि हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. जाताना तिने कूलरचं गार पाणी प्यायलं, पाटी वाचत वाचत.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

साहेब निलंबित झाले आणि मोरझरीच्या प्रवाहावरचा चालू धनी गेला. फलक राखाडी झाला. नाव लावायला कोणी पुढे येईना, शमीमही नाही. मग पलीकडच्या घाटाच्या धन्याने आपलं नाव काढून घेतलं. त्याच्यापलीकडच्यानेही. डोंगररांगेच्या नकाशावर राखाडी डाग पसरत गेले. घाटमाथ्यावरच्या हेळवड्याच्या एका दिवस भरलेल्या बाईला घाट बंद म्हणून लांबच्या रस्त्याने न्यावं लागलं. बाळ वाटेत, गाडीतच झालं. दोघं वाचली, ते नशीब.

शमीम पारावर भेटली. डबा नव्हता.

"माझं नाव काढलं तेव्हाच तुला सगळं माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"माझा प्रवाह गळाला लावलास तू."

"हो."

"नुसतं हो हो काय करतेस? भांड तरी!" शमीमचा आवाज चिरकला. "अगं, विहिरी जोडल्या होत्या आम्ही आठवड्यात. तीच पोरं आता बॅटरी बदलायलाही माझी सही मागतात. त्यांच्या घरचे सांगतात, नाव लावू नकोस, तुरुंगात जाशील. आईसाठी केलंस ते कळतं मला. त्या माणसाचं मला काडीचं वाईट वाटत नाही. पण धनी होणं म्हणजे शिक्षा, हे तू शिकवलंस सगळ्यांना. तूच बांधलंस आणि तूच बाटवलंस."

निलांबरीने जांभळाच्या खाली पडलेलं एक पान उचललं, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"तुझ्या संघात जागा आहे का?" तिने विचारलं.

"कुणासाठी?"

"मंच चालवणाऱ्याला धनी होता येत नाही. नियम माझाच आहे. मंच सोडते. तुझ्या हाताखाली येते."

शमीम तिच्याकडे बघत राहिली. "माझ्या हाताखाली? चिखलात उतरवीन. चहा करायला लावीन."

"लाव."

"साखर जास्त घालतेस तू."

"कमी घालीन."

मंचाची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन निलांबरी मोरझरीच्या पायथ्याच्या पत्र्याच्या खोलीत आली. पहिल्याच दिवशी तिने प्रवाहाची मालकी मागितली. पडद्याने विचारलं, 'इतिहासासह?' खांडक्यांचं नाव त्यांच्या काळावर राहणारच होतं, ते कुणाला पुसता येणार नव्हतं. तिला आजपासूनचंच घेता आलं असतं. पण मागे त्या सकाळचा हिरवा पडून होता, आणि तो परक्याच्या ताब्यात राहावा असं तिला वाटेना. तिने 'हो' दाबलं. घाटाचा राखाडी फलक रंगीत झाला आणि खाली तिचं नाव आलं, फोन नंबरसकट.

दोन दिवसांनी संघातली एक मुलगी विहिरींच्या प्रवाहावर आपलं नाव लावून गेली, कुणाला न विचारता. त्या दिवशी चहा शमीमने केला.

आयोगाची सुनावणी निवसऱ्यात ठेवली होती. निलंबनानंतर खांडके साहेब घाटावर हेळवड्याला, आपल्या फार्महाउसवर राहत होते. सुनावणीच्या सकाळी फलक तांबडा होता. निलांबरीचा फोन वाजला.

"केळसकर? खांडके बोलतोय."

"बोला."

"इथे लख्ख ऊन पडलंय. पाऊस थांबलाय. फलक तांबडा कसा?"

"पाऊस थांबलाय, साहेब. माती थांबलेली नाही. विहिरी गढूळ लाल झाल्यात."

"मला खाली यायचंय. आज हजर राहिलो नाही तर माझं म्हणणं न ऐकता निकाल लावतील. दुसरा रस्ताही बंद आहे." त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही धनी आहात. तुम्हाला कुणाला विचारायला नको. आकडा जरा सौम्य करून बघा ना. एकच गाडी आहे."

खरं होतं. तिला कुणाला विचारायला नको होतं. ते तिनेच तसं घडवलं होतं. तिने अवजारांच्या पेटीतून सरासरी काढली, सहा तास निवडले. फलकावर काही गेलं नाही, फक्त तिच्या पडद्यावर चौकोन हिरवा झाला.

तोच हिरवा. आईने पाहिला होता तो.

एक बटण दाबलं की तो वर जाणार होता. मागणारा स्वतः फोनवर होता, आणि गाडीत तो एकटाच असणार होता. फोनमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता, चढण चढून आल्यासारखा. शमीम चहाचं पातेलं हातात धरून तशीच उभी होती. तिने पडदा पाहिला होता. पण प्रवाह तिचा नव्हता.

निलांबरी त्या हिरव्याकडे बघत राहिली. मग तिने सरासरी पुसली.

"घाट बंद आहे, साहेब."

"सूड उगवताय तुम्ही!"

"हो," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्ही धडधाकट खाली पोचायला हवं. मला तुम्ही दरडीखाली नको, आयोगापुढे उभे हवे आहात. मी आत्ताच त्यांना कळवते, तारीख पुढे घेतील."

पलीकडून म्हाताऱ्या, सैल आवाजात प्रश्न आला. "मग मी निघायचं कधी? कळणार कसं?"

"फलक बघत राहा," निलांबरी म्हणाली. "हिरवा झाला की निघा. नाव माझं आहे त्याच्यावर."